इथे जायचं नाही!

अंदमानचं बुकिंग झालं? सेल्युलर जेल, राधानगर बीच, स्कूबा... लिस्ट तयार असेलच. त्यात एक नाव मात्र टाकू नका: नारकोंडम.

उत्तर अंदमानच्या पूर्वेला, भर समुद्रात हे ज्वालामुखीचं बेट आहे. जेमतेम सात चौरस किलोमीटर. पाण्यातून थेट वर आलेला हिरवागार डोंगरच म्हणा ना! इथे राहतो नारकोंडम धनेश. आपल्या कोकणातल्या धनेशाचा चुलतभाऊ, पण जगात सापडतो फक्त इथेच. काळं अंग, पांढरी शेपटी. नराची मान तांबूस, मादीची काळी. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला उंबरासारखी फळं आणून भरवतो. बिया रानभर पडतात, त्यातून नवी झाडं उगवतात. जंगल पक्ष्याला पोसतं, पक्षी जंगल लावतो.

एकूण पक्षी किती? साधारण हजार. आपल्या एखाद्या टाऊनशिपमध्ये याहून जास्त माणसं राहतात! इथे रडार उभारायच्या प्रस्तावाला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार दिला, २०१४ मध्ये होकार. सुरक्षा हवीच, कबूल. पण झाडं तुटली, तर या पक्ष्याला उडून जायला दुसरं बेट नाही.

नारकोंडम अभयारण्य आहे, परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. धनेश बघायचाच असेल, तर सरळ दांडेली गाठा. भटक्यांना पटणं कठीण, पण काही जागा आपण न गेल्यानेच टिकतात.