आजोबांचा दस्ता

कोडगूतील माझे एक वृद्ध स्नेही उजव्या मनगटाच्या अस्थिभंगानंतर रायफलचा दस्ता बदलू पाहत आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. मात्र कैलपोळ्द सणाला झाडावरचा नारळ टिपण्याची प्रथा आहे, आणि कोडवांना शस्त्रपरवान्यातील सूट २०१९ मध्ये २०२९ पर्यंत वाढवून मिळाली. (अपवादामागची माणसे नस्तीत दिसत नाहीत.)

हलक्या कृत्रिम दस्त्याचा मोह टाळावा, असे मी त्यांना सुचवले. वजन घटले की धक्का वाढतो. मूठ उभट हवी, म्हणजे मनगट कमी वाकते. मागे रबरी गादी, आणि चापापासून खांद्यापर्यंतची लांबी बोटभर कमी. पण त्यासाठी आजोबांच्या अक्रोडी दस्त्यावर करवत चालवावी लागणार! तो जपून दुसरा घडवावा, असे मी म्हटले. ते गप्प राहिले. सध्या डाव्या खांद्यावरून सराव चालतो. बोल्ट मात्र उजवीकडेच.