गुहागर ते पाषाण, व्हाया खंड्या

कोकणातलं अंगण आणि पुण्यातला सातवा मजला. यांच्यातलं अंतर गाडीनं एका दिवसात कापता येतं. कुत्र्याला मात्र जरा जास्त वेळ लागतो...

कोकणातून येताना लोक काय काय आणतात? आमसुलं, फणसपोळी, कोकम सरबताच्या बाटल्या. मी गेल्या नोव्हेंबरात तिथून आई आणली. आणि एक कुत्रा.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या आधी अप्पा गेले. गुहागरला खालच्या पाटात आमचं जांभ्याचं जुनं घर, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. सुट्टीत चार दिवस जायला स्वर्ग! पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्या आईनं तिथं एकटीनं राहायचं? शक्यच नव्हतं. 'चल पुण्याला,' मी म्हटलं. तिची अट एकच. 'खंड्या येत असेल तर येते.'

खंड्या म्हणजे अप्पांचा कुत्रा. शुद्ध गावठी, तांबूस रंग, एक कान मोडलेला, वय अंदाजे पाच. गळ्यात कधी पट्टा नाही की उंबरठ्याच्या आत कधी पाऊल नाही. झोपायचं पडवीत गोणपाटावर, दिवसभर वाडीत हिंडायचं आणि संध्याकाळी अप्पांच्या मागोमाग सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. बस्स, एवढंच त्याचं जग.

'अगो, अंगणातला कुत्रा तो. तुझ्या फ्लॅटात काय करणार?' शेजारचे सदूकाका म्हणाले. 'महिनाभर बघ. नाही रमला तर मी येऊन घेऊन जाईन हो.' आई काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं ते कळलं. खंड्या परत गेला, तर तीही जाणार होती.

कुंभार्ली घाटातली जांभई

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा कुंभार्ली घाट तुम्ही कधी चढलाय? पावसाळा नुकताच सरलेला असला की सॉलिड दिसतो. खाली पोफळीचं हिरवंगार खोरं, वर सह्याद्रीचे काळे कडे आणि माथ्यावर पोचलात की एकदम बदललेली हवा. पुढे हेळवाक, कोयनानगर, पाटण. एरवी मी इथं चार ठिकाणी थांबून फोटो काढते. या वेळी एकच फोटो आहे, मागच्या सीटखाली घुसलेल्या शेपटीचा.

घाट सुरू होताच खंड्यानं जांभया द्यायला सुरुवात केली. 'झोप आली वाटतं त्याला,' मी. मग तो सारखे ओठ चाटायला लागला. 'भूक लागली असेल,' पुन्हा मीच. तिसऱ्या वळणावर त्यानं सकाळचा सगळा दूधभात गाडीत ओकला. झोप नाही की भूक नाही. गडी जाम घाबरला होता!

नंतर वाचलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुरीद रुगोस नावाच्या नॉर्वेजियन प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या अशा खाणाखुणांवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. अवेळी जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, उगाचच जमीन हुंगत बसणं, यातून कुत्रा ताण आल्याचं सांगत असतो. हे सगळं त्यानं घाटभर माझ्यापुढे केलं होतं आणि मी म्हणत होते, झोप आली वाटतं!

मुक्काम पोस्ट पलंगाखाली

पाषाणला पोचलो रात्री नऊला. आणि खंड्याच्या दृष्टीनं इथून पुढे सगळाच आनंद! लिफ्ट म्हणजे दार मिटणारी, पोटात गोळा आणणारी पेटी. घरात गुळगुळीत टाइल्स, शेणानं सारवलेल्या अंगणात वाढलेले त्याचे पाय चारी दिशांना घसरले. वर कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल. माणसाचा कान साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून वरचं. म्हणजे आपल्याला शांत वाटणारी खोलीही त्याला शांत वाटत असेलच असं नाही. तो थेट माझ्या पलंगाखाली गेला आणि तिथंच राहिला.

त्यातून माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे मी त्याला ओढून बाहेर काढायला गेले. ऑफिसातल्या एका मित्राचा फंडा होता, 'बॉस कोण ते पहिल्याच दिवशी दाखव. अल्फा बन!' खंड्या गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. मी घाबरले, रडले आणि मग वाचत बसले. हा अल्फाचा फंडा बंदिस्त जागेत कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आलेला. तो रुजवण्यात ज्यांच्या १९७० सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि पिल्लं. बॉसगिरीचा प्रश्नच नाही. खंड्याचं गुरगुरणंही बंड नव्हतं. 'आता पुरे' एवढंच तो म्हणत होता.

दुसरी चूक खरं तर आईची, पण तिला परवानगी मीच दिली. गुहागरहून त्याचं गोणपाट आणलं होतं. वास येतो म्हणून आईनं ते साबणाच्या पावडरीत भिजवलं, खसाखसा धुतलं आणि गॅलरीत वाळत घातलं. लख्ख झालं. खंड्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या गोणपाटात त्याचं घर होतं, ते आम्ही धुऊन टाकलं होतं.

तिसऱ्या रात्री आईनं आपली बॅग उघडली. तळातून अप्पांचा पंचा काढला आणि काही न बोलता पलंगाखाली सरकवला. तो पंचा तिनं धुतला नव्हता. का, ते मी विचारलं नाही. सकाळी खंड्या त्यावर नाक खुपसून झोपलेला होता आणि वाटीतलं अन्न संपलं होतं.

टेकडीवरची माती

आता उरला नाजूक प्रश्न. खंड्या शू करेना! जन्मभर वाडीच्या टोकाला जाणारा कुत्रा तो, राहत्या जागी घाण करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. बावीस तास झाल्यावर मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, 'त्याला मातीवर न्या.'

पाषाणमध्ये माती कुठे? पंचवटीच्या बाजूनं वेताळ टेकडी चढलात, की आहे. मी या भागात सहा वर्षं राहतेय, टेकडीवर गेले असेन दोनदा, तेही ऑफिसच्या ग्रुपबरोबर. आता रोज पहाटे साडेपाचला मी, आई आणि खंड्या. आधी काळोख, मग हळूहळू उजाडणारी पायवाट, पिवळं पडत चाललेलं गवत, कुठून तरी मोराची केका. दगडाच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी. माथ्यावर वेताळाचं देऊळ आणि खाली अजून पेंगणारं पुणं. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, आणि मला तिचा पत्ता एका कुत्र्याच्या मूत्राशयामुळे लागला!

तुम्ही टेकडी डोळ्यांनी बघता, खंड्या नाकानं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत आम्ही पन्नास पावलं चाललो असू. मी घड्याळ बघत होते, तो एकेक दगड हुंगत होता. 'अगो, वाचू दे त्याला. नवा पेपर आहे तो,' आई म्हणाली. खरंच होतं ते. गुहागरची माती तांबडी, इथली मुरमाड. त्याला सगळं मुळापासून वाचायचं होतं. आता आमचा नियम ठरलाय, की निम्मा वेळ तो नेईल तिकडे जायचं आणि ओढाओढ करायची नाही.

टेकडीवरच मी शेपटी बघायला शिकले. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूश, हा आपला समज. पण इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि दादागिरी करणारा अनोळखी कुत्रा दिसला की डाव्या. टेकडीवरची टोळी समोर आली की खंड्याची ताठ शेपूट डावीकडे थरथरते. मग आम्ही मुकाट्यानं दुसरी वाट धरतो.

किल्ल्या उचला, जाऊ नका

पंधरा दिवसांत तो खायला लागला, पलंगाखालून हॉलमध्ये आला. पण आई घराबाहेर पडली की असा रडायचा, की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. तक्रार आली. आईनं बाहेर जाणंच बंद केलं. भाजी ऑनलाइन, देवळात जाणं बंद, दिवसभर दोघं समोरासमोर. मला आता खंड्याची जांभई ओळखता येत होती. आईकडे मात्र मी नीट बघितलंच नव्हतं. गॅलरीत तासन्‌तास उभी राहायची. जेवण अर्धं टाकायची. खुणा त्याच होत्या.

मग दोघांसाठी एकच उपाय सुरू केला. किल्ल्यांचा आवाज आला की खंड्याला धडकी भरायची. म्हणून आईनं दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. कुठे जायचंच नाही! चार दिवसांत किल्ल्यांचा धसका गेला. मग दाराबाहेर अर्धा मिनिट. मग लिफ्टपर्यंत. मग खाली कट्ट्यावर पाच मिनिटं, जाताना-येताना लाड नाहीत, नाटक नाही. तो रडायला लागण्याआधीच परत यायचं, हे महत्त्वाचं. मधे एकदा घाई केली तर तीन पायऱ्या मागे गेलो. पण पाच मिनिटांची पंधरा झाली, पंधराची चाळीस. चाळीस मिनिटांत आईचा भाजीवाला होतो, देऊळ होतं आणि कट्ट्यावर दोन मैत्रिणीही होतात.

महिना भरला तसा सदूकाकांचा फोन आला. 'येऊ काय न्यायला?' फोन आईकडे होता. 'नको,' ती म्हणाली. 'आमची सकाळची टेकडी चुकेल.'

शिमग्याला गुहागरला गेलो. या वेळी खंड्या निघण्याआधी उपाशी होता आणि सोबत पंचा होता. कुंभार्लीत त्यानं एकच जांभई दिली. घरी पोचताच वाडीभर धावला, समुद्रावर जाऊन आला, पडवीत नेमका जुन्या जागी जाऊन झोपला. मला वाटलं, झालं! आता हा काही परत येत नाही. आणि आई? तीही माजघर झाडत होती, पाटाचं पाणी बघत होती, खुशीत होती.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती किल्ल्यांच्या आवाजानं. आई बॅग भरून ओटीवर उभी होती आणि खंड्या गाडीच्या दाराशी.

'ऊठ गो,' ती म्हणाली. 'ऊन व्हायच्या आत घरी पोचू.'

कुत्र्याला घेऊन निघताय?

• निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. पाणी मात्र द्या, आणि दर दोन तासांनी थांबा.

• गाडीचं दार उघडण्याआधी पट्टा हातात हवाच. घाबरलेला कुत्रा अनोळखी गावात हाक ऐकत नाही.

• ट्रेननं जायचं तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावे लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पहिल्यांदाच नेताना पेटी टाळलेली बरी.

• त्याचं जुनं अंथरूण न धुता न्या. नव्या घरात एक कोपरा फक्त त्याचा ठेवा, तिथं कुणी हात घालायचा नाही. घसरड्या टाइल्सवर जुनी सतरंजी टाका.

• तीन दिवस बावरणं, तीन आठवडे अंदाज घेणं, तीन महिने रुळणं, हा ढोबळ हिशेब. घाई नको.

• कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांना २०१७ मध्ये असं दिसलं, की नुसतं खाऊ घालणाऱ्यापेक्षा अंगावरून हात फिरवणाऱ्या अनोळखी माणसावर रस्त्यावरची कुत्री जास्त विश्वास टाकतात. बिस्किटाआधी वेळ द्या.

• सोसायटीनं कुरकुर केली तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ सालची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. पाळीव प्राण्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं त्यात म्हटलंय. अर्थात, खालची घाण उचलायची जबाबदारी आपलीच!