आईच्या खोलीला कोणता रंग?



आपल्या अंकात सणवार, लग्ने, निधनवार्ता, कोकणातल्या आठवणी असे पुष्कळ काही येते. भिंतीच्या रंगावर कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. पण आमच्या घरी या एका विषयावर तीन महिने काथ्याकूट चालला होता. ज्यांच्याकडे म्हातारे आईवडील परदेशातून राहायला येणार आहेत, त्यांना त्यातले काही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

गेर्लिंगेन हे स्टुटगार्टच्या पश्चिमेला लागून असलेले छोटे शहर. वरच्या टेकडीवर बॉश कंपनीचे मुख्य कार्यालय आहे, त्यामुळे बाजारात कधीमधी पुण्या-नाशिकचे मराठी कानावर पडते. स्टुटगार्टची यू-६ ट्राम येथे येऊन संपते. सिनेगॉग स्टुटगार्टमध्ये. जुने १९३८ च्या नोव्हेंबरात जाळले, त्याच जागेवर १९५२ साली नवे बांधले. शब्बाथला पायी जाण्यासारखे अंतर नाही, म्हणून शुक्रवारचे किद्दूश आमच्या घरीच.

आई जन्माने रेवदंड्याची, पण आता कित्येक वर्षे आशदोदला. वडील गेल्यापासून एकटी. "जर्मनीत मी पाय ठेवीन एक वेळ, पण रात्रीची झोपणार नाही," असे ती वीस वर्षे म्हणत आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मात्र जिने चढणे कठीण झाले आणि ती तीन महिन्यांसाठी यायला कबूल झाली. इस्रायली पासपोर्टावर नव्वद दिवस व्हिसा लागत नाही. त्या नव्वद दिवसांत राहायचे की परत जायचे ते ती ठरवणार. अट एकच, "झोपायची खोली माझी, रंग मी सांगेन तो."

मी आपला रंगाच्या दुकानातून नमुन्यांच्या पट्ट्या आणून आशदोदला पोस्टाने पाठवल्या. तिचा फोन आला. "बाळा, हा पांढरा एका डोळ्याने पांढरा दिसतो नि दुसऱ्याने चहा सांडल्यासारखा." मला आधी थट्टा वाटली. पण तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे व्हायचे आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा उजेड आत कमी पोचतो. हे इतके सावकाश होते की माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्यात नवे भिंग बसले की फरक एकदम समोर येतो. माझी आजी पातळांना इतकी नीळ का घालायची, ते मला त्या फोननंतर समजले. तिच्या डोळ्यांना ती पातळे पांढरीशुभ्रच दिसत असणार.

म्हणून पहिली गोष्ट ही की, म्हाताऱ्या माणसासाठी रंग आपल्या डोळ्यांनी निवडू नये. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहायला सांगावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. रेवदंड्याला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. येथे जेमतेम १८ अंश, म्हणजे समोरच्या घराच्या कौलांवरून कसाबसा डोकावतो, तोही ढग नसतील तर. कोकणात जो पिस्ता रंग डोळ्यांना गार वाटतो, तो येथे जानेवारीत शेवाळासारखा दिसतो. शिवाय अंधुक उजेडात लाल-नारिंगी आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने हे दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवले आहे. झोपायची खोली आपण बहुधा पहाटे नाहीतर रात्री बघतो, तेव्हा दुकानातल्या झगमगाटात पाहिलेल्या रंगाचा उपयोग काय? आम्ही हातभर पुठ्ठे रंगवून भिंतीला लावले आणि सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून, असे आठवडाभर पाहिले.

आईला मुळात हवा होता चुन्याचा पांढरा. अनशी धाकाच्या सणाआधी रेवदंड्याच्या घराला सफेदी व्हायची, भांड्यांना कल्हई लागायची, आणि चुन्याच्या पिंपात निळीची पुडी पडायची. निळीने चुन्याचा पिवळेपणा मरतो. ही निळीची पुडी म्हणजे शेतातली नीळ नव्हे, अल्ट्रामरीन. ते कारखान्यात बनवायची कृती १८२८ साली प्रसिद्ध करणारा ख्रिस्तियान ग्मेलिन हा ट्युबिंगेनचा प्राध्यापक. ट्युबिंगेन येथून गाडीने तासाभराच्या आत! आईला सांगितले तर म्हणाली, "म्हणजे आपल्या निळीला पण यांनी सोडले नाही."

तीन भिंतींना निळीच्या छटेचा पांढरा, येथपर्यंत एकमत झाले. चौथ्या भिंतीवर, म्हणजे पलंगावर पडल्यावर समोर दिसते तिच्यावर, घोडे अडले. आईने पट्टीवरचा पिवळा निवडला, हळदीसारखा. माझी बायको एकदम म्हणाली, "नाही. या देशात आपल्या माणसाच्या खोलीला पिवळा लावणार नाही."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९ सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक यहुदी माणसाला कपड्यावर पिवळा तारा शिवून बाहेर पडावे लागत होते. त्याच वर्षी १ डिसेंबरला स्टुटगार्टहून सुमारे हजार जणांची गाडी रीगाला गेली. त्यांना आधी किलेसबर्गच्या प्रदर्शनाच्या जागेत कोंडले होते. आज तेथे सुंदर बाग आहे, आम्ही मुलांना घेऊन जातो.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता, आईने ऐकले. ती शांतपणे म्हणाली, "सूनबाई, लग्नाआधी मला हळद लावली तेव्हा मला हिटलर माहीत नव्हता. त्यांनी पोरांना ते फडके लावले म्हणून मी माझी हळद सोडू काय?" बायको म्हणाली, "आई, तुम्ही सोडू नका. पण खोली रोज मी झाडणार, सकाळी पडदे मी उघडणार. मला रोज ते दिसेल." दोघींचेही खरे होते. मी मध्ये बोललो नाही. दोन आठवडे रंगाचा विषयच बंद.

वाट सापडली ती किलेसबर्गच्या शेजारी, वायसेनहोफ वसाहतीत. १९२७ साली मीस व्हान डेर रोहे यांच्या देखरेखीखाली नामांकित वास्तुविशारदांनी येथे नमुन्याची घरे बांधली. नाझी काळात उंट आणि सिंह चिकटवलेले चित्र छापून 'अरबांचे खेडे' म्हणून त्यांची टिंगल झाली. ल कॉर्ब्युझिए यांच्या दोन घरांना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतल्या एकात संग्रहालय आहे. फोटोंत ही वसाहत पांढरी दिसते, पण आत भिंतींना मूळचे रंग परत दिले आहेत, आणि त्यांत मातीच्या छटा पुष्कळ. तेथे उभी राहून बायको म्हणाली, "असा मातकट पिवळा चालेल मला." म्हणजे आपली पिवडी! रेवदंड्याला भिंतीच्या खालच्या पट्ट्याला लावत ती. ताऱ्याचा पिवळा लिंबासारखा भडक. पिवडी म्हणजे माती, मंद उजेडातही ती ओरडत नाही. नमुना आशदोदला गेला, आईने दोन्ही डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाली, "हो, ही आमच्या ओटीची."

आता भाड्याच्या घराचे. भाडेकरू राहतो तोपर्यंत भिंत कोणत्याही रंगाची करू शकतो. सोडताना मात्र चारचौघांना चालेल असा फिकट रंग हवा. पांढरे घर घेऊन लाल-पिवळ्या-निळ्या भिंती परत देणाऱ्या भाडेकरूला नुकसानभरपाई द्यावी लागेल, असा कार्ल्सरूहेच्या वरिष्ठ न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. म्हणून पुढच्या पांढऱ्या हातांचा खर्च आताच धरून ठेवावा. साडेतीन बाय चार मीटरच्या खोलीला दोन हातांना दहा लिटर लागतो. येथे भिंतींवर बहुधा लाकडाचा भुसा घातलेला खरबरीत कागद असतो. त्याच्या दाण्यांच्या सावल्यांमुळे रंग पट्टीपेक्षा गडद वाटतो, तेव्हा एक छटा फिकट घ्यावी. दाराची चौकट आणि दिव्याचे बटण भिंतीपेक्षा वेगळ्या गडद रंगाचे ठेवावे, रात्री उठणाऱ्या माणसाला चाचपडावे लागत नाही.

रंगारी न लावता मी आणि मुलाने काम सुरू केले, तोच आईचा पुन्हा फोन. "दारासमोर हातभर चौकोन कोरा ठेव." बेथ हमिक्दाशच्या नाशाची आठवण म्हणून घराच्या प्रवेशासमोर एक हात लांब, एक हात रुंद जागा गिलावा न करता सोडावी, असे शुल्हान आरूखमध्ये आहे. आपला बिरड्याचा रोजा त्याच आठवणीचा. रेवदंड्याच्या घरात असा चौकोन असल्याचे तिलाही आठवत नव्हते, ती हे इस्रायलला आल्यावर शिकली. मी म्हटले, नियम घराच्या दाराचा आहे, खोलीच्या नाही. "तुमच्या घराचे तुम्ही बघा. मी त्या देशात निजणार, माझ्या दारासमोर पाहिजे." चिकटपट्टी लावून ४८ सेंटीमीटरचा चौकोन आखला. पिवडीच्या भिंतीत जुना पांढरा तसाच राहिला.

घरमालकीणबाई खालीच राहतात. वास आला म्हणून वर आल्या आणि चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "येथे राहून गेले." मी कारण सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पांढऱ्या भिंतीवर हात फिरवून विचारले, "यात निळा घातला आहे का?" त्यांची आई हंगेरीतली जर्मन. १९४६ साली तेथून हाकललेली पुष्कळ कुटुंबे गेर्लिंगेनला येऊन राहिली, त्यांतले हे एक. त्यांची आईही चुन्यात नीळ घालायची म्हणे. चौकोनाचे पुन्हा काही विचारले नाही. जाताना जिना झाडायची पाळी या आठवड्यात आमची आहे याची आठवण मात्र केली.

आईला येऊन आज एकतीस दिवस झाले. मेझुझा तिने स्वतः खुर्चीवर बसून माझ्याकडून लावून घेतली. पहिल्या रात्री दिवा चालू ठेवून झोपली, आता बंद करते. एकोणसाठ दिवस उरले आहेत, तिने अजून काही सांगितलेले नाही. पडदे अजून ठरायचे आहेत. ती आकाशी म्हणते, बायको अबोली. दोघी मिळून शनिवार सुटल्यावर कापडाच्या दुकानाचे काय ते बोलत होत्या.