गोपाळपूरचे दोन दिवस

समुद्रकाठी विश्रांतीसाठी जावयाचे म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोवा, नाहीतर पुरी उभी राहते. ओडिशाच्या दक्षिणेकडील गोपाळपूर सहसा कोणाला आठवत नाही. आम्हालाही ते आठवले नसते. परंतु मुंबईच्या कचेरीतील माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर सपत्नीक तेथे जाऊन राहिले आहेत आणि "दोन दिवस तरी या" हा त्यांचा आग्रह आम्ही उभयता वर्षानुवर्षे टाळीत आलो होतो. या फेब्रुवारीत तो मोडवेना. निघताना त्यांच्या पुण्यातील मुलाने आमच्यावर एक कामगिरीही सोपविली. "काका, दोघांचीही सत्तरी उलटली. वादळे काही थांबत नाहीत. घर विकून इकडे या, म्हणावे. माझे ते ऐकत नाहीत." पाहुणे म्हणून निघालेले आम्ही असे वकील होऊन निघालो.

मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस आपणांस ब्रह्मपूरला उतरविते. तेथून समुद्र सुमारे १६ किलोमीटर. घरी पोचताच वहिनींनी पखाळ वाढला. पखाळ म्हणजे रात्रभर पाण्यात आंबविलेला भात. सोबत भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि चुरलेली वडी. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगले स्वागत कोणते? पखाळ काय, गोपाळपूर काय, ओडियात आपल्यासारखाच 'ळ' नांदतो. आणि वहिनीला तेथे म्हणतात 'भाउज'. आपली भावजयच ती! पावणेदोन हजार किलोमीटर आलो आणि शब्द मात्र घरचेच भेटले, याची मोठी मौज वाटली.

गाव लहान आहे. एके काळी येथून रंगूनला आगबोटी जात. गंजाम जिल्ह्यातील कितीतरी मजूर याच किनाऱ्यावरून ब्रह्मदेशात पोट भरण्यास गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जुने बंदर ओस पडले. आता जवळच नवे उभे राहिले आहे. १९३६ साली ओडिशा प्रांत होईपर्यंत हा मुलूख मद्रास इलाख्यात होता, त्यामुळे तेलुगू येथे कानांवर सारखी पडते. किनाऱ्यावरचे नोलिया कोळी तीच बोलतात. आपण येथे स्नानास उतरलात तर त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत घेतल्यावाचून उतरू नका. कोकणातील आडोशाच्या खाड्यांसारखा हा समुद्र नव्हे. दोन पावलांत वाळू पायांखालून निसटते आणि लाट माणसाला खाली खेचते. माझे मनगट एका म्हाताऱ्या नोलियाने जे धरले, ते मी कोरड्या वाळूवर येईपर्यंत सोडले नाही.

रात्री ओसरीवर बसलो असता मी मुलाचा विषय काढला. स्नेही हसून गप्प राहिले. बोलल्या त्या वहिनी, आणि त्याही आडवळणाने.

१२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री 'फायलिन' चक्रीवादळ गोपाळपूरजवळच किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटर होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. तो धडा सरकार विसरले नव्हते. या वेळी जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलविले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. वहिनींनी सांगितले ते निराळे. शेजारची नोलिया आजी शेळीवाचून घर सोडीना. शेवटी शेळीसह तिला शाळेत आणले, आणि दोन रात्री वहिनी, आजी व शेळी एकाच सतरंजीवर होत्या. परतल्यावर पाहतात तो छप्पर नाही, कुंपणाची सुरूची झाडे आडवी. "त्या आजीच्या नातवाने आमचे छप्पर घातले. मजुरी घेतली नाही. आता वादळाची वर्दी आली की आधी आमच्या दारात येतो, मग आपली होडी ओढायला जातो. पुण्यात आमच्या दारात कोण येईल, भाऊ?"

मला उत्तर सुचले नाही. तथापि मी सर्वस्वी त्यांच्या बाजूचा झालो, असेही नाही. स्नेह्यांना जिना चढताना दोनदा थांबावे लागते, हे मी पाहिले होते, आणि मोठे रुग्णालय म्हटले की ब्रह्मपूर गाठणे आले. तेही मी बोलून दाखविले. वहिनींनी ऐकून घेतले आणि माझ्या पानात आणखी एक मासा वाढला.

दुसऱ्या दिवशी निघताना तो नातू स्टेशनपर्यंत आला. आमची पेटी त्याने उचलली, आणि स्नेह्यांचा हातही धरला.

"मुलाला काय सांगणार?" गाडी हलताना स्नेह्यांनी विचारले.

सोलापूर मागे पडले, पुणे जवळ येऊ लागले, तरी आम्हा दोघांचे ते ठरत नव्हते.