माझ्या नावापुढे ‘अज्ञान’

जून उजाडला की आम्हा शिक्षकांच्या टेबलावर फॉर्मांचा ढीग पडतो. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. यंदा चौथीतला एक मुलगा फॉर्म घेऊन जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, “बाई, बाबांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं का?” सुट्टीत त्याचे वडील गेले होते. मी म्हटलं, “लिही.” तो जागेवर गेला आणि परत आला. “बाई, आता आमचं घर काकांचं होणार का?”

त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेतलं. जे त्याला थोडक्यात सांगितलं, ते तुम्हाला जरा सविस्तर सांगते. तुमच्या आईबाबांनीही वाचावं.

मी शिरवण्याची. आमच्या शाळेतल्या नव्या मुलांना वाटतं, शिरवणे म्हणजे जुईनगर स्टेशनजवळची दाट वस्ती. पण माझी आजी भाताच्या खाचरांच्या गोष्टी सांगायची. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या. त्यात आजोबांचं शेतही गेलं. मोबदला फार थोडा होता. मग दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई, दास्तान फाट्याकडे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के योजना आली. गणित सोपं आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे जमीन गेली असेल, तर त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे विकसित भूखंड परत. त्यातूनही रस्ते, शाळा वगैरे सोयींसाठी पावणेचार टक्क्यांइतकी कपात व्हायची. उरले साडेतीन गुंठे. आमच्याकडे हे गणित लहान मुलांनाही तोंडपाठ असतं.

तर असा एक भूखंड आजोबांच्या नावे मिळायचा होता. १९९८ साली आजोबा गेले. कागद तसेच राहिले. २००१ च्या पावसाळ्यात बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि सकाळ काही झाली नाही. मी सातवीत होते, धाकटा भाऊ तिसरीत.

तेरावं होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर एकदम रिकामं. आईने कधी बाहेर काम केलं नव्हतं. ती हायवे ओलांडून पलीकडच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. सकाळचा भात मी लावायचे. रेशनचं रॉकेल आणायला रांगेत भाऊ उभा राहायचा आणि त्याचा नंबर आला की मोठी माणसं त्याला मागे ढकलायची. आजोबांनी गावठाणात भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांचं भाडं बाबा असताना सगळ्यांत वाटलं जायचं, आता ते मोठ्या काकांकडेच राहू लागलं. आई काही बोलली नाही. काकांनी माझ्या वह्या आणून दिल्या होत्या ना! एक सांगते, काका दुष्ट नव्हते. भाऊ आजारी पडला तेव्हा रात्री दोन वाजता त्याला खांद्यावर टाकून तेच धावले होते. माणसं गोष्टीतल्यासारखी एकदम चांगली किंवा एकदम वाईट नसतात, म्हणूनच सगळं अवघड होतं.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी आजी, दोघे काका, आत्या सगळे ओटीवर बसले. काकांनी स्टॅम्प पेपर काढला. “वहिनी, इथं सही कर. भूखंड एका नावावर झाला की काम सोपा. आमी काय पोरांना वाऱ्यावर सोरनार हाव का?”

आई चौथी शिकलेली. सही करायची, पण एक एक अक्षर जोडत. तिने कागद माझ्या हातात दिला. “मोठ्यानं वाच.”

मी वर्गात वाचायचे तशी खणखणीत आवाजात वाचू लागले. कोर्टाची भाषा, एकेक वाक्य आगगाडीएवढं. मग ओळ आली, “मी स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून...” पुढे माझं नाव आणि त्याच्या आधी ‘अज्ञान’. मी थांबले. डोळे भरून आले. “मी अज्ञान कशी? गणितात मी वर्गात पहिली आहे!”

सगळे हसले. खूप दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं. कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला अज्ञान म्हणतात, एवढंच. पण मला ते तेव्हा कोण सांगणार? हसता हसता आत्या थांबली. “फिरून वाच गो. हलूहलू वाच. त्याचे पुढं काय लिवलंय?”

मी वाचलं, “...सर्व हक्क व हिस्सा कायमचा सोडून देत आहे.”

कोणी बोलेना. आत्याही भावांच्या बाजूने सही करायला आलेली होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, “आधी हिचा नि पोरांचा नाव कागदावर येऊ दे. मगच माझी सही घ्या.” आणि ती उठून चुलीकडे गेली.

पुढच्या आठवड्यात आई आणि आत्या मला घेऊन ठाण्याला वकिलाकडे गेल्या. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, ती २००४ ला सुरू झाली. बसमध्ये उभं राहून गेलो. वकिलांनी जे सांगितलं ते मी आज भाकरीचं चित्र काढून समजावते. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. (वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा.) आजोबांच्या भाकरीचे पाच तुकडे: आजी, तीन मुलगे, आत्या. बाबांच्या तुकड्याचे पुन्हा चार: आजी, आई, मी, भाऊ. म्हणजे माझा वाटा विसावा. केवढासा! पण तो माझा होता. आणि मुलांचा स्थावर मिळकतीतला वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता किंवा सोडून देता येत नाही. त्या स्टॅम्प पेपरवर आईने सही केली असती, तरी आमच्या वाट्यापुरती ती लंगडीच ठरली असती.

वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज गेला. कोणाची हरकत आहे का, म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. त्यात आमची नावं होती. ते कात्रण मी कंपासपेटीत ठेवलं होतं. एका कागदावर बाबांचं नाव एक आणि दुसऱ्यावर घरातलं हाकेचं नाव, म्हणून ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हापासून मुलांच्या दाखल्यावरचं नाव मी तीनतीनदा तपासते. सहकारी हसतात. हसू देत.

दाखला मिळायला तीन वर्षं गेली. त्या काळात काका आईशी बोलत नव्हते. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले आणि जणू कालच भेटल्यासारखं बोलू लागले. आमच्या वाट्याच्या पैशांतून गावठाणातलं घर दुरुस्त झालं, माझं डी. एड. झालं.

आणि आत्या? आमची नावं लागल्यावर तिने शब्द पाळला. स्वतःचा पाचवा भाग, म्हणजे माझ्या चौपट, भावांच्या आणि आमच्या नावे सोडून दिला. बदल्यात तिला साडी मिळाली. मला तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं. १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला सगळ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतका हक्क दिला, २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी पक्का केला. हे सगळं मी नंतर वाचलं आणि दर वेळी मला ती साडी आठवली. माझ्या नावासाठी भांडलेल्या बाईने स्वतःचं नाव खोडलं आणि आम्ही ते खोडू दिलं.

गेल्या गणपतीत तिला एकदाचं विचारलं. मोदक वळत होती. म्हणाली, “हिस्सा घेतला असता, तं या घरान गनपतीला मना कोन बोलावला असता?”

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही बोलावलं असतं का, हे खात्रीने सांगता येईना.

जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तिच्या सासरच्या घराचा होता, आमच्या आतोबांच्या पश्चात केलेला. “तू मास्तरीन. वाच बघू. माझे पोरीचा नाव हाय का?”

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत नाव होतं.

“फिरून वाच,” आत्या म्हणाली.