नखेत्र केव्हा उतरवावे?

पणजीहून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी, बेतीच्या धक्क्यावर उतरावे आणि नदीकाठाने वेऱ्याकडे जाणारी वाट धरावी. उजव्या हाताला घरे, डाव्या हाताला पाणी, आणि थोडे पुढे गेल्यावर टेकडीच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांवर उभे असलेले रेइश मागुशचे शुभ्र चर्च दिसू लागते. त्याच्या माथ्यावर १५५१ साली पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला आहे. त्याचा पुढे तुरुंग झाला आणि डागडुजीनंतर २०१२ पासून तो प्रेक्षकांस खुला आहे. चर्चची स्थापना १५५५ ची, फ्रान्सिस्कन साधूंच्या हातची. 'रेइश मागुश' म्हणजे ज्ञानी राजे. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून बाळ येशूच्या दर्शनास आले, असे ज्यांच्याविषयी सांगतात तेच हे तिघे.

दरवर्षी ६ जानेवारीला येथे त्यांचे फेस्त भरते. भरजरी अंगरखे आणि मुकुट ल्यालेली तीन मुले राजे होतात. साष्टीतील चांदोर येथे आणि कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवरही असाच सोहळा होतो. कुएलीला तर तीन गावांतून तीन वाटांनी तीन राजे वर चढतात. आम्ही मात्र बारदेशचे, म्हणून आमचे पाय रेइश मागुशकडेच वळतात. दर्शन घ्यावे, गुळाचे खाजे पुडीत बांधून घ्यावे आणि उन्हे उतरताना परत फिरावे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. सौभाग्यवतींच्या मते आमची सारी भक्ती त्या खाज्यावर आहे. असो.

परतीच्या वाटेवर दिसणाऱ्या एका दृश्याविषयी आज लिहावयाचे आहे. फेस्त आटोपले की त्या संध्याकाळपासून वाड्यावाड्यांतून नाताळ उतरू लागतो. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेली नखेत्रे ओसरीवरून खाली येतात. गोठ्यातील मातीची गुरे, मेंढपाळ, योसेफ आणि मारिया गवतात गुंडाळून पेटीत जातात. गोठ्याभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून पंधरवडाभर आधी पेरलेली नाचणी तोवर पिवळी पडून आडवी झालेली असते. आमच्या घटाच्या रुजवणाची आठवण व्हावी, अशीच ती दिसते. गोठा मांडण्याची ही रीत संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी रूढ केली असे मानतात. नाचणी मात्र आमच्या मातीची.

उतरविण्याचा दिवस कोणता, याविषयी एकमत नाही. पुष्कळ घरे ६ जानेवारी मानतात. १९६९ साली सुधारलेल्या रोमन पंचांगाप्रमाणे नाताळचा काळ त्यानंतर येणाऱ्या येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने संपतो. आणि सर्वांत जुनी मर्यादा २ फेब्रुवारीची. पुत्रजन्मानंतर ४० दिवसांनी मातेने मंदिरात जावे, या मोशेच्या नियमाप्रमाणे मारिया बाळाला घेऊन गेली तो हा दिवस. आमच्याकडील बाळंतिणीच्या सव्वा महिन्याशी त्याचे नाते वाचकांच्या चटकन ध्यानी येईल. इंग्लंडात ठरल्या दिवसानंतर एक डहाळी जरी घरात राहिली तरी अशुभ, अशी समजूत होती. आपणही याबाबतीत मागे नाही. गणपतीची माटोळी विसर्जनानंतर कोण ठेवतो? दिवाळीचा आकाशकंदील मात्र आम्ही गोव्यात तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे व्हडल्या दिवाळीपर्यंत, खुशाल तेवत ठेवतो.

हे सारे शोधण्याची पाळी आमच्यावर आली ती शेजारच्या आंटींमुळे. परवाच्या जानेवारीत वाड्यातील सगळी नखेत्रे उतरली, त्यांचे उतरले नाही. बाप्तिस्म्याचा रविवारही गेला. वाड्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, म्हातारीला विसर पडला. कुणी म्हणाले, उतरवायला घरात माणूस नाही. दुसरे खरे होते. आंटींचे यजमान वर्षापूर्वी वारले आणि एकुलता मुलगा तारवटी. तो नाताळला यावयाचा होता. जहाजावरचा करार लांबला, मग तारीख जानेवारीच्या अखेरीवर गेली.

एका संध्याकाळी नखेत्रातला दिवा गेला. आम्ही शिडी घेऊन गेलो आणि नवा दिवा बसवून उतरलो, तेव्हा आंटी हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेले. इतके दिवस ठेवले तर पाप लागते का हो?"

आम्ही त्यांना २ फेब्रुवारीचा आधार सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला आम्ही पाहिला, आणि आयुष्यभर मुलांना शिकविलेले काही कोठे तरी उपयोगी पडले असे आम्हांस वाटले.

त्या घराचे आमच्यावर एक ऋणही आहे. आमचे वडील वारले ते कार्तिकात, तुळशीच्या लग्नास तीन दिवस असताना. दारी आकाशकंदील टांगलेलाच होता. त्या गडबडीत आमच्यापैकी कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. संध्याकाळी स्मशानातून परतलो तेव्हा दार मोकळे होते. आंटींच्या यजमानांनी कोणास न विचारता तो उतरवून आपल्या घरी नेला होता. पुढल्या वर्षी सुतक सरल्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी, नवा कागद लावून, त्यांनी तो आणून दिला. त्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि आम्हीही आभार मानावयाचे राहून गेलो.

मुलाची तारीख पुन्हा लांबली. २ फेब्रुवारी आली. त्या दिवशी सकाळी आंटींनी गोठा स्वतः उचलला, सुकलेली नाचणी माडाच्या आळ्यात टाकली आणि नखेत्राकडे पाहत उभ्या राहिल्या. आता आमच्यापाशीही कोणता आधार शिल्लक नव्हता. सौ. आमच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "आंटी, राहू दे ते. कोण काय म्हणतो ते आम्ही बघू."

पुढे नऊ रात्री आमच्या वाड्यात ते एकच नखेत्र पेटत होते. रात्री उशिरा फेरीबोटीवरून परतणाऱ्यांना ते वळणावरूनच दिसे. कुजबुज थांबली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर एकाने "आज अजून लावले नाही का?" म्हणून आम्हालाच हटकले.

११ तारखेला रात्री मोटार थांबल्याचा आणि पेट्या उतरविल्याचा आवाज आम्ही अंथरुणातून ऐकला. उठून गेलो नाही. ती वेळ आमची नव्हती. सकाळी दात घासत उभे होतो, तो मुलगा कुंपणापाशी आला. उन्हातान्हाने रापलेला, डोळ्यांत झोप.

"सर," तो म्हणाला, "तुमची शिडी जरा देता?"