भुसावळच्या केळी वेफर्सच्या शोधात

मुंबईहून निघालेली गाडी भुसावळ जंक्शनात शिरू लागली, की डब्यातील जाणते प्रवासी खिडकीकडे सरकून बसतात. येथून एक लोहमार्ग अकोल्यावरून नागपूरला जातो, तर दुसरा तापी ओलांडून बऱ्हाणपूर-खंडव्याकडे वळतो. गाडी थांबली, की फलाटावर केळी आणि केळ्याचे वेफर्स विकणाऱ्यांच्या आरोळ्या सुरू होतात. खानदेशात ज्यांचे सोयरेधायरे आहेत, अशा पुण्या-मुंबईच्या आणि सुरतेच्या घरांतून ‘येताना वेफर्स विसरू नका’ हा निरोप हमखास आलेला असतो.

प्रत्येक मुलूख आपल्या फळाचा खाऊ करतो. थंड देशांत सफरचंदाला काडी खोचून ते साखरेच्या दाट, तपकिरी पाकात बुडवतात आणि शरद ऋतूतील जत्रांमध्ये मुले त्यासाठी हट्ट धरतात. कोकणात फणसाची पोळी होते, वसईत राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात. तापीकाठी कच्चे केळे कढईत उतरते. जैन कुटुंबांना या खाऊचे अप्रूप थोडे अधिकच. बटाटा वर्ज्य असलेल्या घरात प्रवासाला, मुलांच्या डब्याला आणि अचानक आलेल्या पाहुण्यांपुढे ठेवायला कच्च्या केळ्याइतका भरवशाचा सोबती नाही. मात्र भुसावळात उतरून समोर दिसेल ते पाकीट उचलले, म्हणजे उत्तम वेफर्स मिळालेच, असे होत नाही. त्यासाठी थोडे हिंडावे लागते, थोडे विचारावे लागते.

फलाट, पेठ आणि महामार्ग

शोधाची सुरुवात अर्थातच स्थानकावर होते. फलाटावरचे वेफर्स सोयीचे असतात. परंतु ते केव्हा तळले आणि कोठे तळले, याचा पत्ता लागत नाही. गाडी सुटण्याच्या घाईत पाकिटावरची तारीख वाचायलाही सवड नसते. कधी माल अगदी ताजा मिळतो, कधी पहिल्याच घासाला तेलाचा खवट वास येतो.

स्थानकाबाहेर पडून शहराच्या पेठेत शिरले, की फरसाणाच्या दुकानांतून वजनावर वेफर्स मिळतात. येथे माल सारखा खपत असल्याने तो फार शिळा होत नाही आणि नेहमीचा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतही नाही. मात्र याच दुकानात शेजारच्या परातीत बटाट्याचे वेफर्स आणि कांद्याची भजी असतात. एकाच कढईत, एकाच तेलात सारे तळले जाते काय, हा प्रश्न जैन गिऱ्हाइकाने संकोच न करता विचारावा. खानदेशातील व्यापारी पेठांत मारवाडी आणि गुजराती जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. कित्येक दुकानदार विचारण्यापूर्वीच ‘कढई वेगळी आहे’ असे सांगतात.

तिसरे ठिकाण म्हणजे रस्त्याकडेची भट्टी. जळगाव-भुसावळ महामार्गावर नशिराबाद आणि साकेगाव मागे पडत असताना किंवा भुसावळहून फैजपूरकडे जाताना पत्र्याच्या छपराखाली पेटलेली भट्टी, शेजारी हिरव्यागार घडांची रास आणि कढईवर वाकलेला कारागीर, असे दृश्य दिसते. उत्तम वेफर्सचा शोध बहुधा अशाच छपराखाली संपतो. त्याचे कारण समजून घ्यायचे, तर तापी ओलांडून केळीच्या मुलखात जायला हवे.

तापीपलीकडचा हिरवा पट्टा

भुसावळ तापीच्या दक्षिण तीरावर आहे. पूल ओलांडून उत्तरेकडे निघाले, की थोड्याच वेळात क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ उमटते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. वैशाखात पारा ४५ अंशांकडे धावत असतो, आसपासची शेते करपून गेलेली असतात आणि त्यातच हे रुंद पानांचे हिरवे छत उभे असते. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही या पट्ट्यातील प्रमुख गावे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर एकामागून एक येतात. फैजपूरचे नाव इतिहासातही आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते.

येथील शेतकरी केळीच्या लागवडीचे दोन मुख्य हंगाम सांगतो. पावसाच्या तोंडावर लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग. कांदेबाग हे नाव ऐकून एखादी जैन गृहिणी दचकली, तर नवल नाही. पण या बागेत पिकते ते केळेच! दुसरी शंका लहान मुले विचारतात: केळीचे झाड जर जमिनीतल्या कंदापासून वाढते, तर केळे कंदमूळ का नव्हे? उत्तर सोपे आहे. कंद जमिनीत राहतो. आपण खातो ते फळ, आणि ते जमिनीपासून माणूसभर उंचीवर मोकळ्या हवेत, उन्हात भरते. खानदेशचे भरताचे वांगे आणि जळगावचे केळे या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांपैकी वांगे अनेक जैन घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिले. केळे मात्र देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे वावरते.

पूर्वी येथे बसराई, श्रीमंती या जातींचा बोलबाला होता. पुढे उतिसंवर्धित रोपांमधून ग्रँड नैन ही जात आली आणि ठिबक सिंचनाबरोबर सर्वत्र पसरली. या बदलात जळगावच्या जैन उद्योगसमूहाचा वाटा मोठा आहे. त्याचे संस्थापक भवरलालजी जैन (१९३७–२०१६) हे जामनेर तालुक्यातील वाकोदचे. १९७८ मध्ये त्यांनी केळ्याची भुकटी करणारा एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पेपेन तयार करण्याचे काम सुरू केले. केळ्यावर प्रक्रिया करून त्याला टिकाऊ रूप द्यावे, हा विचार या मुलखात जुना आहे, हे त्या कारखान्यावरून कळते. हा विचार किती निकडीचा आहे, ते बागेच्या बांधावर उभे राहिल्यावर उमगते.

न थांबणारे फळ

धान्य कोठारात भरता येते. कापूस भाव येईपर्यंत घरात रचून ठेवता येतो. केळे थांबत नाही. रोप लावल्यापासून घड हाती यायला साधारण वर्ष लागते; पण घड भरला की तो उतरवावाच लागतो आणि उतरवला की त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून तर सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळ्यांच्या वॅगनी वेगाने दिल्लीकडे धावतात. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईलाही गेली.

परंतु सगळेच घड दुबईच्या वाटेला लागत नाहीत. बाजाराला लांब, डागविरहित, एकसारखी फळे हवी असतात. घडाच्या टोकाकडील फण्या लहान असतात. काही फळांना पानांच्या घासण्याने चरे पडतात. आत गर उत्तम असला, तरी सालीवरच्या डागामुळे भाव उतरतो. त्यातच मे-जूनमधील वादळाने उभ्या बागा आडव्या होतात. कधी विषाणूचा रोग पडून कोवळी रोपे उपटून टाकावी लागतात. कधी एकाच वेळी माल फार आला, की वर्षभराच्या कष्टांचे मोल तोडणीच्या मजुरीइतकेही राहत नाही.

अशा वेळी गावातली वेफर्सची भट्टी दिसायला लहान असली, तरी तिचे काम मोठे असते. सालीचा डाग कढईला दिसत नाही. फळ लहान असले तरी चकती गोलच पडते. चार दिवसांत मऊ पडून फेकले गेले असते ते केळे तळल्यावर कित्येक आठवडे टिकते आणि पाकिटात बसून ते दूरदूर जाते. भट्टीवर केळी सोलणाऱ्या बाया, तळणारा कारागीर, पाकिटे भरणारी पोरे आणि पलीकडचा बागवान, अशा चार घरांची चूल त्या एका कढईभोवती पेटते.

कढईपाशी

उत्तम वेफर्सचे रहस्य कारागिराच्या हातात जितके असते, तितकेच फळाच्या वयात असते. केळे पूर्ण भरलेले हवे; पण पिकायला लागलेले नको. कोवळ्या केळ्याच्या कडा उठून दिसतात; फळ भरले की त्या बोथट होऊन केळे गोलसर होते. कोवळ्या फळात चीक फार, म्हणून वेफर तुरट आणि कडक होतो. फळ पिकू लागले, की त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते आणि ही साखर तापलेल्या तेलात तांबूस, मग काळपट पडते. सफरचंदावरच्या पाकाला जी तपकिरी गोडी मुद्दाम आणतात, तीच येथे दोष ठरते. फिकट पिवळा, डागरहित वेफर म्हणजे वेळेवर उतरवलेला घड. येथेच बागेची जवळीक कामी येते. सकाळी उतरवलेला घड दुपारी कढईत जाऊ शकतो, तो फैजपूर-सावदा-रावेरच्या रस्त्यावर.

कारागीर सोललेले केळे किसणीवर धरतो आणि चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतो, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. केळ्यात दोन तृतीयांशाहून अधिक पाणीच असते. ते बाहेर पडताना कढईभर बुडबुडे उठतात आणि मोठा चरचराट होतो. काही कारागीर याच वेळी मिठाचे पाणी शिंपडतात. हळूहळू आवाज मंदावतो. जाणता कारागीर कढईकडे बघतही नाही; तो कान देऊन असतो. आवाज निवला, की झारा फिरतो आणि वेफर्स जाळीवर निथळू लागतात. क्षणभर लवकर काढले, तर ते संध्याकाळपर्यंत सादळतात. क्षणभर उशीर झाला, तर करपट लागतात.

खरेदी करणाऱ्याने येथे काही गोष्टी पाहाव्यात. तेल काळपट आणि दाट झालेले नसावे. वेफर बोटांत मोडताना कट्‌कन आवाज यावा आणि बोटांना तेलाचा थर लागू नये. मसाल्याच्या वेफर्समध्ये लसणाची वा कांद्याची पूड असू शकते. म्हणून साधे मीठ किंवा मिरी लावलेले घेणे निर्धास्त. गरम वेफर्स पाकिटात बंद करू नयेत. आत वाफ धरते आणि सारे श्रम वाया जातात. ते निवू द्यावेत, मग हवाबंद डब्यात भरावेत. पावसाळ्यात एकदम फार घेऊ नयेत. पर्वतिथीला आणि पर्युषणात कच्चे केळे चालते की नाही, याची रीत घरागणिक वेगळी आहे, तेव्हा आपल्या घरची मर्यादा आपण सांभाळावी. आणि भट्टीवर जायचे, ते दिवस असताना. ताजे वेफर्स सूर्यास्तापूर्वी चाखता येतात आणि कढईही उजेडात पारखता येते.

शोधाचे फळ

तर भुसावळ परिसरात सर्वांत उत्तम वेफर्स कोठे मिळतात? एका दुकानाचे नाव घेऊन या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कारण आज जी भट्टी उत्तम, तिच्याकडे उद्या उतरता माल आला तर चव बदलते. खूण मात्र पक्की आहे. जेथून केळीची बाग नजरेच्या टप्प्यात आहे, जेथे घड, तेल आणि कढई तिन्ही डोळ्यांसमोर आहेत आणि जेथे विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते, तेथे थांबावे.

जैन आचारात ‘जयणा’ हा शब्द आहे. प्रत्येक कृती जपून, पाहून, जाणून करावी, असा त्याचा अर्थ. खाऊ विकत घेतानाही ती पाळता येते. कढई वेगळी आहे का, हे पाहणारे गिऱ्हाईक घड कोणाच्या बागेतला, हेही विचारू लागले, तर डाग पडलेल्या केळ्यालाही मोल येईल. खानदेशातून परतणाऱ्या पिशवीत दोन किलो वेफर्स असतात, तेव्हा त्या पिशवीत कोण्या शेतकऱ्याचे वर्षभर जपलेले आणि मातीमोल होता होता वाचलेले पीकही असते. घरी डबा उघडल्यावर मुले मूठ भरून पळतील. त्यांना हाक मारून तापीकाठच्या त्या बागांची गोष्टही सांगावी.